मस्टरवर माणसं किती? मग विमा कळेल

नवी नोकरी लागली की आपण विचारतो, मेडिक्लेम किती लाखांचा? कंपनीत माणसं किती, हे क्वचितच विचारतो. खरं तर बऱ्याचशा अटी या दुसऱ्या आकड्यावर ठरतात.

पहिला उंबरठा १० जणांचा. तिथून कर्मचारी राज्य विमा, म्हणजे बोलण्यातला ईएसआय, लागू होतो. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना तो बंधनकारक. वेतन १६,००० असेल, तर ०.७५ टक्क्यांनी १२० रुपये आपल्या पगारातून कापले जातात आणि ३.२५ टक्क्यांनी ५२० रुपये मालक भरतो. पगाराच्या स्लिपवर ही कपात दिसायला हवी. कुटुंब त्यात येतं, आपल्यावर अवलंबून असलेले आईवडीलसुद्धा. दवाखान्यात रांग लावावी लागते, हे कबूल. पण मधुमेह आधीपासून आहे म्हणून कुणी थांबवून ठेवत नाही.

इथे गफलत होते ती दोन ठिकाणी. काही मालक मस्टरवर नऊच नावं ठेवतात आणि उरलेले ‘ठेकेदाराचे’ म्हणून सांगतात. मोजताना ती माणसंही धरली जातात. दुसरं, पगारवाढ होऊन वेतन २१,०००च्या पुढे गेलं की ईएसआय त्याच महिन्यात संपला असं अनेकांना वाटतं. तसं नाही. वर्गणीच्या सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा असतात. चालू सहामाही संपेपर्यंत कपातही चालू राहते आणि हक्कही.

आता खासगी ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची मिळून एकच पॉलिसी. तिला किमान ७ जण लागतात. पंधराजणांच्या ऑफिसात एकाची बायपास झाली, तरी वर्षभराचा हप्ता त्यात संपतो. म्हणून लहान गटाला विमा कंपनी ठरावीक साच्याची पॉलिसी देते. आईवडील, बाळंतपण, जुने आजार यांपैकी काहीतरी बहुधा बाहेर राहतं. पाचशे जणांची कंपनी मागचे दावे पुढे ठेवून घासाघीस करू शकते. दावे वाढले, तर पुढच्या वर्षी तिचाही हप्ता चढतो.

सगळ्यात जास्त फटका बसतो खोलीभाड्याच्या मर्यादेत. पॉलिसी ३ लाखांची, मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. आपण ६,०००ची खोली घेतली, तर बरेचदा फरक फक्त भाड्यापुरता राहत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा आकारही त्याच प्रमाणात निम्मा मंजूर होतो. खोली निवडण्याआधी हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर मर्यादा विचारा.

शेवटचा टप्पा नोकरी सोडण्याचा. ग्रुप पॉलिसी कंपनीची असते; संरक्षण साधारणपणे शेवटच्या दिवशीच संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळापैकी आधीच काढलेला काळ धरला जातो, पण अर्ज वेळेत हवा. म्हणून राजीनामा देण्याआधीच एचआरकडून पॉलिसीची प्रत आणि विमा कंपनीचा संपर्क मागून घ्या.