उसाला वेळेवर खुराक, मग पोरांना का नाही?



बेणेप्रक्रिया, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या यांविषयी आपण या पानांतून नेहमी वाचता. आज जरा शिवारातून घरात येऊ आणि आपल्या लहान मुलांचा विचार करू.

लागण झाल्यापासून मोठ्या बांधणीपर्यंतचे चार-साडेचार महिने किती मोलाचे, हे आपल्याला सांगायला नको. त्या काळात फुटवे उपाशी राहिले, तर पुढे युरियाची पोती ओतली तरी गेलेले फुटवे परत येत नाहीत. मुलाचेही तसेच आहे. आईच्या पोटात गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे साधारण एक हजार दिवस ही त्याची बांधणी. या काळात राहिलेली उणीव पुढे पुरेपूर भरून निघणे फार अवघड असते.

आणि ही उणीव फक्त डोंगरपाड्यावर आहे, असे समजू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी पस्तीस बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरांपैकी सुमारे एकोणसत्तर बालकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होते. एवढ्या मोठ्या आकड्यात बागायती पट्ट्यातली पोरं नाहीत, असे कोण म्हणेल? उसाचे बिल घरात येते. ते पोराच्या ताटापर्यंत पोचते का, हा खरा प्रश्न आहे.

ताटात काय पडते?

पुष्कळ घरांतला रिवाज असा : पहाटे धार काढायची, दूध डेअरीला घालायचे आणि पोराच्या हातात चहा-बिस्किट द्यायचे. चहाने भूक मरते आणि जेवणातले लोह अंगी लागत नाही. लहान पोराला चहा देऊच नये. पोर वर्षाचे झाले की त्याच्या वाटणीचे कपभर दूध आधी बाजूला काढावे, मग किटली डेअरीला न्यावी. त्यात पाणी घालू नये.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध. वरचे पाणी नको, घुटी नको, मध तर वर्षभर नकोच. सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू करावे आणि दोन वर्षांपर्यंत आईचे दूधही चालू ठेवावे. वरचे अन्न म्हणजे डाळीचे पाणी नव्हे. वरणातली डाळच घोटून, मऊ भातात तेला-तुपाचा थेंब घालून द्यावी. नाचणीची पेज, उकडलेले अंडे, कुस्करलेले केळे, शिजवून मऊ केलेली पालेभाजी हे सारे चालते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, त्यानंतर तीन-चार वेळा भरवावे. मोठ्यांबरोबर दोनदा जेवून त्याचे भागत नाही, कारण पोट लहान आणि वाढ मोठी.

आता साखरेविषयी. आपण साखर कारखान्याचे धनी, तरी खरे ते लिहिले पाहिजे. दोन वर्षांखालील बाळाच्या खाण्यात वरून साखर वा गूळ घालू नये. मोठ्या मुलांनाही बेतानेच द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांहून कमीच यावेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे प्रमाण सुमारे सात चहाचे चमचे पडते, आणि त्याच्या निम्मे असेल तर उत्तम. बिस्किटे आणि बाटलीतले सरबत यांतलीही साखर त्यातच मोजायची. गोडाची हौस सणावाराला भागवावी. रोजच्याला मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे द्यावेत. अगदी लहानाच्या घशात दाणा अडकतो, म्हणून त्याला कूट करून द्यावे.

ऊस सलग झाला आणि बांधावरची तूर, चवळी, शेवगा गेला. भाजी आठवडी बाजारातून येते आणि चार दिवसांत संपते. गुंठाभर जागा भाजीला आणि दोन झाडे शेवग्याला राखली, तर टनेज काही घटत नाही. पूर्वहंगामी उसात हरभरा, कांदा घेता येतो, हे आपण जाणताच.

अंगण आणि अंथरूण

पोर अंगणात धावले तर हाडे भक्कम होतात आणि भूक लागते. शाळकरी मुलाला रोज निदान एक तास दमवणारा खेळ हवा. लगोरी, लंगडी, आट्यापाट्या, फुगडी यांना पैसा लागत नाही. पोरींनाही तेवढाच वेळ मिळावा; भांडी घासणे हा खेळ नव्हे. मात्र विहिरीला कठडा आणि शेततळ्याला कुंपण हवेच. शेततळ्याच्या कागदावरून पाय घसरला, तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. हंगामात उसाच्या ट्रॉल्या धावतात, त्या रस्त्यावर खेळ नको.

मोबाईल दाखवून घास भरवण्याची चाल घरोघर शिरली आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला तो दाखवूच नये आणि पाच वर्षांपर्यंत दिवसात एका तासाच्या वर देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला आहे.

झोपेकडे तर कोणाचेच लक्ष नसते. दिवसाची डुलकी धरून एक-दोन वर्षांच्या बाळाला ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास हवी. रात्रपाळीची वीज आली की बाप मोटर चालू करायला उठतो, पण त्यासाठी सारे घर जागे करायचे कारण नाही. सकाळी सहाला उठणारे पोर रात्री नऊच्या आत अंथरुणात हवे.

फडावरची पोरं

आपला ऊस तोडायला येणाऱ्या कुटुंबांची मुलेही याच काळात आपल्या शिवारात वाढतात. आई पहाटे कोयता घेऊन निघते, आणि तान्ह्याला सांभाळायला आठ वर्षांची बहीण. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळतो. बाहेरगावचे म्हणून त्यांना वगळता येत नाही. आपल्या रानाजवळ कोप्या पडल्या, की अंगणवाडी ताईंना तेवढा निरोप द्यावा. फडाजवळ प्यायचे स्वच्छ पाणी आणि सावलीत एक झोळी एवढी सोय कोणीही करू शकतो. ट्रॅक्टरच्या आडोशाला किंवा पाचटात मूल निजवू देऊ नये.

शेवटी एक सांगणे. काटा झाल्याशिवाय आपण ट्रॉली सोडत नाही, मग पोराचे वजन महिन्याच्या महिन्याला अंगणवाडीत करायला काय हरकत आहे? सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल, तर उद्यावर न टाकता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. साडेबाराच्या आत असेल, तरी ताईंना दाखवावे. जंताची गोळी वर्षातून दोनदा अंगणवाडी-शाळेत मिळते, ती चुकवू नये.

माता-भगिनी हे करतीलच. पण कपभर दूध बाजूला काढायचा आणि गुंठाभर जागा भाजीला सोडायचा निर्णय बहुतेक घरांत पुरुष मंडळीच घेतात. तेव्हा हा लेख घरी मोठ्याने वाचावा, ही विनंती.