शेफील्ड : मुशीतून घडलेलं शहर

शेफील्डचं पोलाद जगाला ठाऊक आहे. ते करणारे हात फारसे ठाऊक नाहीत. मला हे शहर त्या हातांसाठी महत्त्वाचं वाटतं.

इंग्लंडमधल्या पेनाइन डोंगरांच्या उतारावरून इथे डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हेलिन या पाच नद्या येतात. त्यांच्या पाण्यावर चक्क्या चालल्या आणि धारेचे दगड फिरले. चाकू-सुऱ्या करणाऱ्यांच्या संघाला १६२४ साली कायद्याची मान्यता मिळाली, पण धंदा त्याहून कितीतरी जुना.

अडचण पोलादाची होती. एकाच कांबीत कुठे ते कठीण, कुठे मऊ. बेंजामिन हंट्समन हा घड्याळजी. त्याला स्प्रिंगसाठी एकजिनसी पोलाद हवं होतं. १७४०च्या दशकात शेफील्डजवळ त्याने मातीच्या मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. मुशीची माती मजूर अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत. तीत खडा राहिला तर मूस भट्टीत तडकायची आणि सगळा माल वाया जायचा. पायांना ओली गोणपाटं गुंडाळलेला माणूस भट्टीच्या तोंडाशी उभा राहून रसरशीत मूस सांडशीने वर ओढायचा. रस ओतण्याजोगा झाला की नाही, हे अनुभवी नजरच ठरवायची. शेफील्डमधल्या ॲबीडेलला अशी भट्टी आजही जपून ठेवली आहे.

पुढचं काम ‘लिटल मेस्टर’ मंडळींचं. हे छोटे कारागीर भाड्याच्या खोलीत बसत. एक पातं घडवी, दुसरा धार लावी, तिसरा मूठ बसवी. धारवाल्यांच्या छातीत दगडाची धूळ साचे. जेवणाचे काटे कोरड्या दगडावर घासणारे कितीतरी जण चाळिशीही गाठत नसत. शेफील्डचा गौरव करताना ही किंमत आधी सांगितली पाहिजे.

मोठे कारखाने आले ते एकोणिसाव्या शतकात. लढाऊ जहाजांचे चिलखती पत्रे लाटणारं १९०५चं बारा हजार अश्वशक्तीचं ‘रिव्हर डॉन’ इंजिन केलम आयलंडच्या संग्रहालयात अजून वाफेवर फिरतं. हॅरी ब्रिअर्ली हा इथल्याच पोलाद कामगाराचा मुलगा, प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून सुरुवात केलेला. बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून शोध घेताना १९१३मध्ये त्याच्या हाती न गंजणारं क्रोमियमचं पोलाद लागलं.

१९८०च्या दशकात भट्ट्या थंडावल्या, हजारोंचं काम गेलं. कारागिरी मात्र पुरती संपली नाही. १९०२पासूनच्या ‘अर्नेस्ट राइट’ या कारखान्यात कात्रीची दोन पाती आजही हातोडीने, नजरेच्या अंदाजाने जुळवतात. हे काम करणाऱ्याला तिथे ‘पुटर’ म्हणतात आणि ते शिकायला काही वर्षं जातात.