भंगारातली कुऱ्हाड



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो संपाविषयी किंवा बोनसविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज एका लहानशा कुऱ्हाडीविषयी बोलणार आहे. ती मी स्वतः भंगारातून घडविली, आणि ती घडवावीशी का वाटली हे आधी सांगितले पाहिजे.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्याच्या भट्टीखात्यात घण मारणाऱ्या कामगाराच्या वेतनाचा वाद चालू होता. १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला आणि त्याखालच्या दरपत्रकांत कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग आले. कोणत्या वर्गात नाव पडते, त्यावर घरातला किराणा ठरू लागला. आमच्या माणसाचे नाव अकुशलांत होते. समोरच्या वकिलांनी मला शांतपणे विचारले, "घण वर उचलायचा आणि खाली आणायचा, ह्यात शिकण्यासारखे काय आहे, ते सांगा." मी अन्याय, शोषण, श्रमाची प्रतिष्ठा हे सर्व शब्द वापरले; पण त्या साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. वाद आम्ही हरलो. बाहेर आल्यावर तो कामगार मला एवढेच म्हणाला, "तुमी कधी घन धरला काय, भाऊ?"

मी धरला नव्हता. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचनालयात झाले. पुस्तकांतून मी मजुरीचे अर्थशास्त्र वाचले होते, मजुरी मात्र पाहिली नव्हती. आमच्या वस्तीजवळ दर उन्हाळ्यात पेरणीपूर्वी एक घिसाडी कुटुंब रस्त्याच्या कडेला पाल टाकते. विळे, खुरपी, वखराच्या पासा शेवटून घेण्यासाठी शेतकरी त्यांच्याकडे येतात. म्हातारे बाबाजी हातोडी चालवितात आणि त्यांची बायको, जिला आम्ही सारे मावशी म्हणतो, घण मारते. मी त्यांच्यापाशी जाऊन बसू लागलो आणि एक दिवस म्हणालो, "बाबाजी, मला एक कुऱ्हाड करायला शिकवा." बाबाजींनी माझ्या हातांकडे पाहिले आणि म्हणाले, "पयले लोखंड आना."

कोणते लोखंड आणावयाचे, येथूनच विद्या सुरू होते. आपण बोलताना सगळ्यालाच लोखंड म्हणतो. परंतु शुद्ध लोखंडात शेकडा किती कर्ब मिसळला आहे, त्यावर त्याचा सारा स्वभाव अवलंबून असतो. बैलगाडीच्या चाकावर चढविलेल्या धावेच्या लोखंडात कर्ब शेकडा पाव भागापेक्षाही कमी असतो. ते मऊ आणि चिवट असते. वाकते, पण सहसा तुटत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात तोच कर्ब शेकडा अर्ध्या भागाहून थोडा अधिक असतो, शिवाय मँगनीज आणि सिलिकॉन किंवा क्रोमियमचा अंश असतो. हे पोलाद तापवून एकदम थंड केले तर कडक होते. कानशीत कर्ब शेकडा एक भाग किंवा त्याहूनही जास्त असतो, म्हणून कानस हातातून दगडावर पडली की तिचे दोन तुकडे होतात.

कुऱ्हाडीला दोन्ही स्वभाव लागतात. तिची धार कडक हवी, नाही तर बाभळीच्या पहिल्या गाठीवर ती वळेल. तिचे नेढे, म्हणजे दांडा बसविण्याचे भोक, ज्या भागात असते तो भाग चिवट हवा, नाही तर घावाच्या हादऱ्याने फुटेल. म्हणून जुने लोहार अंग मऊ लोखंडाचे करीत आणि धारेत पोलादाची पट्टी बसवीत. भंगाराच्या दुकानातून मी दोन वस्तू आणल्या: मोडक्या बैलगाडीच्या धावेचा तुकडा आणि ट्रकच्या कमानीचा तुटका पाटा. एका गाडीने दुसरीला रस्त्यावरून हटविले होते. आता दोघींना एका कुऱ्हाडीत नांदावयाचे होते.

पारख करण्याची पद्धत सोपी आहे. पाट्याचा बोटभर तुकडा लाल करून पाण्यात टाकावा आणि थंड झाल्यावर डोळे सांभाळून हातोडीने ठोकावा. काचेसारखा तुटला तर पोलाद, नुसता वाकला तर मऊ लोखंड. सहाणेच्या यंत्रावर धरूनही कळते: मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि साध्या निघतात, कर्ब असेल तर ठिणगीच्या टोकाला चांदणी फुटते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. जस्ताचा मुलामा चढविलेला पत्रा किंवा नळी भट्टीत घालू नये. त्याचा धूर विषारी असतो. तोंड बंद असलेली नळी तापविली तर ती फुटून जीव घेईल. आणि जे काय आहे हे ओळखता येत नाही, त्याला तर हातच लावू नये. आपल्या जिल्ह्याला हे सांगण्याची गरज पडू नये. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट होऊन सहा जणांचा बळी गेला. त्यांत मजुरीसाठी गेलेली माणसे होती. रेल्वेच्या रुळांचे तुकडे, खिळे, पट्ट्या लोहाराला मोहात पाडतात. परंतु १९६६ च्या कायद्याने रेल्वेचा माल बेकायदा बाळगणे गुन्हा आहे. भंगार पावती घेऊनच घ्यावे. पकडला जातो तो नेहमी गरीब लोहार.

आता भट्टीकडे येऊ. धावेचा तुकडा पाच सेंटिमीटर रुंद, सव्वा सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी जाड आणि सोळा सेंटिमीटर लांब होता. तो मधोमध तापवून, ठोकून थोडा पातळ केला, कारण मधल्या भागाचे नेढे व्हावयाचे होते. मग मध्यावर लांबट सुंबा धरून पट्टी त्याभोवती वाकविली. पट्टीची दोन्ही टोके हात जोडल्यासारखी समोरासमोर आली. त्यांच्यामध्ये पाट्याचा तीन सेंटिमीटर लांब तुकडा पाचरीसारखा निमुळता करून बसविला.

ह्या तिघांना एकजीव करणे हे सर्वांत अवघड काम. लोखंड तापले की त्यावर हवेने खपली धरते, आणि खपली असेल तर सांधा धरत नाही. म्हणून सांध्यावर टाकणखार टाकतात. तो वितळून खपली विरघळवितो आणि ठोक्याबरोबर बाहेर उडतो. उष्णता पिवळ्याधमक रंगापर्यंत न्यावी लागते, सुमारे बाराशे अंश. त्याच्या खाली सांधा बसत नाही. फार वर गेले तर पोलाद फुलबाजीसारखे जळू लागते, आणि जळलेले पोलाद पुन्हा कामाला येत नाही. ह्या दोहोंमधली वेळ काही क्षणांची असते. तेवढ्यात भट्टीतून काढणे, ऐरणीवर ठेवणे आणि ठोके देणे झाले पाहिजे.

ह्या क्षणी मी मावशींना प्रथम नीट पाहिले. बाबाजी हातोडीने जेथे हलका ठोका देत, नेमक्या तेथेच मावशींचा घण पडे. सांध्यावरचे पहिले घण हलके होते. जोराने मारले असते तर वितळलेला भाग निसटून गेला असता. सांधा धरल्यावर घणाचा जोर वाढला. बाबाजींनी हातोडी ऐरणीवर नुसती टेकविली की घण हवेतच थांबे. दोघांत एक शब्द बोलला जात नव्हता. मग बाबाजींनी घण माझ्या हातात दिला. माझा पहिला ठोका दोन बोटे बाजूला पडला, दुसरा तिरपा बसला आणि तिसऱ्याच्या वेळी लोखंड काळपट झाले होते, तरी मी घण उचललाच. मावशींनी माझा हात धरला. "थंड्या लोखंडाले मारू नोका, भाऊ. आतून फाटते ते."

हे अगदी खरे आहे. पोलाद केशरी असते तोवर घडते. गडद लाल झाल्यावर ठोकले तर आत बारीक चिरा पडतात. त्या त्या वेळी दिसत नाहीत, कुऱ्हाड मोडते त्या दिवशी दिसतात.

आकार आल्यावर कुऱ्हाड तापवून चुलीच्या राखेत पुरली, म्हणजे ती सावकाश निवली आणि कानशीला मऊ झाली. कानशीने पाते घासून घेतले. मग पाणी देण्याची पाळी. पोलाद साधारण साडेसातशे अंशांच्या पुढे गेले की त्याच्या अंतरंगाची रचना बदलते आणि कर्ब त्यात साखरेसारखा विरतो. त्याच सुमारास त्याला लोहचुंबक चिकटेनासे होते. म्हणून नवशिक्याने चुंबक लावून पाहावे आणि ते सुटल्यावर रंग किंचित उजळू द्यावा. ह्या स्थितीत ते एकदम थंड केले तर कर्ब आतच अडकतो आणि पोलाद अतिशय कडक होते. माझी पहिली कुऱ्हाड मी घाईने पाण्यात बुडविली. टिक् असा बारीक आवाज झाला आणि धारेला उभी चीर गेली. कमानीच्या पोलादाला पाण्याचा धक्का फार होतो. दुसऱ्या वेळी कोमट केलेले सरकीचे तेल घेतले आणि फक्त धारेकडचा दोन बोटे भाग त्यात बुडविला.

पण नुसती कडक झालेली धार ठिसूळ असते. ती बेताने पुन्हा तापवून थोडा कडकपणा उतरवावा लागतो. बाबाजींची रीत अशी की, मागच्या जाड भागात उष्णता उरलेली असतानाच धार तेलातून काढून दगडाने चकचकीत घासावयाची. मागची ऊब पुढे सरकते आणि चकाकीवर रंग चढू लागतात: प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा सुमारे सव्वादोनशे अंशांवर येतो, निळा तीनशेच्या आसपास. सुताराच्या पटाशीला पिवळा पुरतो, कमानीला निळा लागतो. कुऱ्हाडीला धारेवर तपकिरीला जांभळी झाक आली की थांबावयाचे आणि पुन्हा तेलात बुडवावयाचे. उशीर झाला तर धार वळेल, घाई झाली तर तुकडा उडेल.

दांडा धावड्याचा केला, हातभर लांब. शिरा दांड्याच्या लांबीने धावणाऱ्या पाहिजेत. आडव्या शिरेचा दांडा घावासरशी मोडतो. नेढे वरच्या तोंडाशी किंचित रुंद ठेवले होते. दांडा खालून घालून वरून लाकडी पाचर ठोकली म्हणजे तो तेथे फुगून बसतो आणि पाते निसटत नाही. शेवटी जवसाचे तेल चोळले. कुऱ्हाड पाऊण किलोच्या आसपास भरली.

विदर्भात ही विद्या फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंडच्या उत्खननात सुमारे अडीच हजार वर्षांहून जुनी लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. माहूरझरीच्या शिलावर्तुळांत सापडलेल्या कुऱ्हाडींना नेढे नाही. पाते दांड्याला लोखंडाच्या आडव्या पट्ट्यांनी जखडलेले असे. त्यावरून नेढ्यापर्यंत जी मजल झाली ती कोणा लोहाराने केली, आणि त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आपल्या वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम १९३४ नंतर मगनवाडीत उभे राहिले आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. अवजाराला मान देणे ह्या गावाला नवीन नाही. अवजार धरणाऱ्या हाताचा हिशेब मात्र अजून चुकतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु नियमाप्रमाणे एका कुटुंबातून एकाचीच नोंद होते. बाबाजींचे नाव लिहिले तर मावशींचे राहते. त्या पालातली कुऱ्हाड मात्र कधीही एकाने केलेली नसते.

त्या वकिलांचा प्रश्न आज कोणी विचारला तर मी उत्तर देईन. घण मारणाऱ्याला लोखंडाचा रंग वाचता आला पाहिजे, कोणत्या ठोक्याला किती जोर लावावयाचा हे कळले पाहिजे, दुसऱ्याच्या हातोडीच्या खुणेने चालता आले पाहिजे, आणि केव्हा मारावयाचे नाही हे ठाऊक पाहिजे. हे शिकावयास मला तीन उन्हाळे लागले, आणि अजूनही मी अर्धकुशलच आहे.

ती कुऱ्हाड घेऊन मी त्या जुन्या कामगाराकडे गेलो होतो. तो आता घरीच असतो. त्याने ती हातात तोलली, धारेवरून अंगठा आडवा फिरविला, मग एक डोळा मिटून दांड्याच्या रेषेत पाहिले.

"नेढं जरासं वाकडं हाये, भाऊ," तो म्हणाला.

मी आठ दिवस ती कुऱ्हाड न्याहाळीत होतो; मला ते दिसले नव्हते.