तिसऱ्या रंगाची अडचण

नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे हे चार जिल्हे कागदावर काढा आणि रंगवायला घ्या. अट एकच: ज्या दोन जिल्ह्यांची सीमा एकमेकांना लागून आहे, त्यांना सारखा रंग द्यायचा नाही. किती रंग लागतील?

नांदेडची सीमा बाकी तिघांना भिडते. परभणीचीही. म्हणजे या दोघांना वेगवेगळे रंग हवेतच. राहिले लातूर आणि हिंगोली. त्यांची एकमेकांशी गाठच पडत नाही, त्यामुळे दोघांना मिळून तिसरा एकच रंग चालतो. तीन रंगांत नकाशा पूर्ण!

लहान मुलांचा खेळ वाटतो ना? संगणकशास्त्रात ऑनर्स किंवा एम.एस्सी. करणाऱ्यांना मात्र याच खेळापाशी थांबावं लागतं, कारण पुढे जमीन अचानक संपते आणि कडा लागतो. तो कडा बघायला आपण विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून जाऊ.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, हे विद्यापीठ स्थापन झालं. तेव्हा बी.एस्सी.चे विषय ठरलेल्या गटांत यायचे. नव्या शैक्षणिक धोरणाने ती घडी मोडली. आता मेजर वेगळा, मायनर वेगळा, शिवाय ओपन इलेक्टिव्ह. संगणकशास्त्र मेजर घेतलेली लातूरची मुलगी गणित मायनर घेईल आणि ओपन इलेक्टिव्ह थेट वाणिज्य शाखेतून उचलेल. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि ऑनर्सनंतर एका वर्षात पदव्युत्तर पदवी. विद्यार्थ्याला केवढी मोकळीक! पण परीक्षेचं वेळापत्रक कसं लावायचं? एक जरी विद्यार्थी दोन पेपरांना सामायिक असेल, तरी ते दोन पेपर एकाच वेळी ठेवता येत नाहीत.

आता नकाशाकडे पुन्हा बघा. पेपर म्हणजे जिल्हा. सामायिक विद्यार्थी म्हणजे सीमा. परीक्षेची वेळ म्हणजे रंग. कमीत कमी किती सत्रांत परीक्षा आटोपेल, हा प्रश्न आणि कमीत कमी किती रंग लागतील, हा प्रश्न एकच आहे. अल्गोरिदमचा पेपर लिहायला बसलेला विद्यार्थी स्वतःच त्या अदृश्य नकाशातली एक सीमारेषा असतो!

मग संगणकाला सांगू या की सगळ्या मांडण्या तपास. समजा फक्त तीस पेपर आणि दहा सत्रं आहेत. पहिल्या पेपरला दहा पर्याय, दुसऱ्याला दहा... एकूण मांडण्या एकावर तीस शून्यं. सेकंदाला शंभर कोटी मांडण्या तपासणारं यंत्र लावलं, तरी त्याला सुमारे बत्तीस लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वयच जेमतेम १३८० कोटी वर्षं आहे. म्हणजे त्याच्या दोन हजारपटींहून जास्त काळ, आणि तोही तीस पेपरांसाठी!

यावर तुम्ही म्हणाल, एखादी हुशार रीत असेलच. कधी कधी असते, आणि इथेच मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट येते.

दोन रंगांत नकाशा रंगतो का, हे ओळखणं अगदी सोपं आहे. एक जिल्हा लाल करा, त्याचे शेजारी निळे, त्यांचे शेजारी पुन्हा लाल. कुठे टक्कर झाली तर उत्तर 'नाही'. लाख जिल्हे असले तरी साधा लॅपटॉप पटकन सांगेल. चार रंगांचं तर त्याहून सोपं: कागदावर काढता येणाऱ्या नकाशात (परीक्षेचा अदृश्य नकाशा तसा असेलच असं नाही) प्रत्येक जिल्हा सलग असेल तर उत्तर नेहमीच 'हो'. १८५२ मध्ये लंडनमध्ये फ्रान्सिस गथ्री या तरुणाला इंग्लंडचा नकाशा रंगवताना ही शंका आली, आणि सिद्धता मिळायला १९७६ साल उजाडलं. केनेथ अपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी ती दिली, तीही संगणकाला हजाराहून जास्त तास राबवून.

दोन सोपे, चार सोपे. मग तीन? कुठलाही नकाशा दिला तर त्याला तीन रंग पुरतील की नाही, हे झटपट सांगणारी खात्रीची रीत आजवर जगात कुणालाही सापडलेली नाही. दोन सपाट मैदानांच्या मधोमध ही दरी कुठून आली?

गंमत अशी, की कुणी तीन रंगांत रंगवलेला नकाशा आणून दिला तर तो बरोबर आहे का, हे शाळकरी पोरही सांगेल. माळेगावच्या जत्रेत हरवलेलं लेकरू समोर आणलं तर आईला ओळखायला क्षण लागत नाही, पण गर्दीत ते शोधायला रात्र जाते. ओळखणं आणि शोधणं यांतलं हे अंतर खरंच कायमचं आहे, की आपल्याला अजून वाट दिसलेली नाही? १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी हा प्रश्न नेमका मांडला. पुढच्याच वर्षी रिचर्ड कार्प यांनी दाखवलं की वरवर काहीच नातं नसलेले २१ प्रश्न आतून एकच आहेत. रंगांचा प्रश्न त्यांतलाच. एकाची जलद रीत सापडली, की सगळ्यांची सापडली! उद्या कुणी तीन रंगांचं कोडं खरोखर वेगाने सोडवलं, तर परीक्षांची वेळापत्रकंही त्याच रीतीने सुटतील. आणि फोनवरून पैसे पाठवताना ज्या गुप्त संकेतांवर आपण विसंबतो, त्यांचा पायाही हलेल. क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटने २००० साली या कोड्याच्या उत्तराला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं.

तरीही परीक्षा होतातच, कारण 'सर्वोत्तम' हवंच हा हट्ट सोडला की वाट निघते. १९६७ मध्ये वेल्श आणि पॉवेल यांनी अशी एक सुटसुटीत रीत मांडली, आणि त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच वेळापत्रकाचा उल्लेख होता. ज्या पेपरच्या सर्वांत जास्त पेपरांशी टकरा होतात तो आधी बसवा, मग त्याखालचा. सत्रं कमीत कमीच लागतील याची हमी नाही, पण टक्कर एकही होत नाही, आणि काम होतं सेकंदात. मला ही तडजोड फार देखणी वाटते.

जिल्ह्याच्या जागी बिंदू आणि सीमेच्या जागी रेषा काढली की त्या आकृतीला ग्राफ म्हणतात. या बिंदू-रेषांच्या जगात एक मराठी नावही कोरलेलं आहे. मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख राहिलेले शरदचंद्र श्रीखंडे. त्यांच्या नावाच्या 'श्रीखंडे ग्राफ'मध्ये सोळा बिंदू आहेत, प्रत्येकाला बरोबर सहा शेजारी. तो रंगवायला चार रंग लागतात, तिनांत भागत नाही. खडूने काढून बघावा असा आहे.

लातूर-नांदेडकडे बारावीनंतर संगणकशास्त्राला जाणाऱ्या मुलांना घरचे पहिल्यांदा पॅकेज विचारतात. ती काळजी खरी आहे, पण चौथ्या वर्षाला आणि एम.एस्सी.ला काय शिकवतात तेही विचारा. दहा लाख डॉलरचं ते बक्षीस अजून कुणालाही मिळालेलं नाही, आणि कोडं समजून घ्यायला कागद आणि तीन रंगीत पेन्सिली पुरतात. महाराष्ट्राचा जिल्ह्यांचा नकाशा घ्या आणि आज रात्रीच बसा.