हायड्रोलॉक : इंजिनात पाणी शिरते तेव्हा

म्हणजे काय? हवा दाबली जाते, पाणी नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेले की वर येणारा पिस्टन अडतो. कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तुटून ब्लॉकही फोडतो.

पाणी येते कुठून? एअर फिल्टरकडे हवा नेणाऱ्या नळीच्या तोंडातून. बऱ्याच गाड्यांत ते ग्रिल किंवा हेडलाइटमागे असते, काहींत थेट बंपरमागे, खाली. रस्त्यावर पाणी कमी असले तरी समोरून आलेल्या बसची एक लाट पुरते.

डिझेलला धोका जास्त. दाबाचे गुणोत्तर (कॉम्प्रेशन रेशो) साधारण १६ ते १८. पेट्रोलचे १० च्या आसपास. पिस्टनवर जागाच कमी, म्हणून थोडे पाणीही बाधते.

पाणी साचणाऱ्या सखल जागा : ठाण्यात वंदना टॉकीज परिसर, कल्याणात वालधुनी नदीचा काठ. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या पुराने कल्याण परिसर बुडाला.

विमा : पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू केल्याने झालेले इंजिनाचे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. इंजिन प्रोटेक्शनचे अ‍ॅड-ऑन वेगळे घ्यावे लागते.

गाडी पाण्यात बंद पडली? एअर फिल्टर उघडून कागदाला हात लावा. ओला, लिबलिबीत लागला तर गाडी टो करूनच न्या. स्टार्टर एकदाही मारू नका.