अंगठ्याखालची बाराखडी

वर्तकनगरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आलाय. त्यांची आई सातवी शिकलेली, मोबाइलवर मराठी बातम्या झरझर वाचते; पण लिहायची वेळ आली की व्हॉइस मेसेज टाकून मोकळी होते. मराठी लिहायला सोपा कीबोर्ड कुणी केलाच नाही का?

केला की! आणि तोही इथे जवळच, पवईला. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ‘कीलेख’ नावाच्या कीबोर्डावरचा निबंध मांडला. पहिल्यांदाच किंवा क्वचित टाइप करणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पुढे २०१३ मध्ये फोनसाठी ‘स्वरचक्र’ आलं, फुकट.

त्याचं वेगळेपण कळायला आधी रोमन कीबोर्ड बघू; त्याची गोष्ट मजेशीर आहे. मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल बघा. जवळजवळ क्रमानेच! अमेरिकेत टाइपरायटर बनवणाऱ्या शोल्सने अक्षरं आधी क्रमाने लावली होती, त्याची ही खूण. बाकीची का विखुरली? खटके अडकू नयेत म्हणून, असं आपण ऐकत आलोय. क्योटो विद्यापीठाच्या कोइची आणि मोतोको यासुओका यांना ते मान्य नाही. मोर्सचा कट्ट-कडकट्ट ऐकत मजकूर उतरवणाऱ्या तारमास्तरांच्या सोयीने अक्षरं हलत गेली, असं ते म्हणतात. म्हणजे तोही वापरणाऱ्यांना विचारून झालेला कीबोर्ड. फक्त विचारलं अमेरिकी तारमास्तरांना, ताईंच्या आईला नव्हे.

आईला काय येतं? क ख ग घ ङ, आणि बाराखडी. स्वरचक्राने तेच भांडवल धरलं. व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. ‘स’वर अंगठा टेकला की भोवती चक्र उमटतं: सा, सि, सी, सु... आणि पायमोडका स्. अंगठा न उचलता हवं तिकडे सरकवायचा. पायमोडका निवडला की चौकटींत स्क, स्ट, स्त अशी तयार जोडाक्षरं दिसू लागतात. ‘स्टेशन’ चार स्पर्शांत होतं. रोमनमधून लिहायला गेलं तर सात अक्षरं, आणि वर ‘ट’ येणार की ‘त’, हा जुगार.

मग हा कीबोर्ड घरोघरी का दिसत नाही? माझ्या मते कारण साधं आहे: फोनमध्ये आधीपासून जो असतो तोच आपण वापरतो. संशोधन कितीही चांगलं असलं तरी ते शोधून, उतरवून घ्यायला घरात कुणी तरुण माणूस लागतं, आणि त्याला स्वतःला रोमनची सवय झालेली असते.

आता म्हणतात, फोनशी बोला, तो लिहील. टायपिंगचे दिवस गेले. बोलून लिहिणं पुष्कळ सुधारलंय, मान्य. पण टीएमटी बसच्या गर्दीत मोठ्याने बोलून सुनेची तक्रार बहिणीला कळवणाऱ्या आजी मला अजून भेटायच्या आहेत.