वारज्याचे गुरुत्वत्वरण आणि तुमचा पहिला शोधनिबंध

कागद-पेन्सिल घ्या आणि १९०५ ही संख्या लिहा. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा : ९५१०. मग चढत्या क्रमाने : ०१५९. मोठीतून लहान वजा करा. उत्तर ९३५१. या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करा. ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशी उत्तरे येत सातव्या वजाबाकीला तुम्ही ६१७४ वर पोहोचाल. पुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४ च येत राहील. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हेच घडते. (मध्येच तीन अंकी उत्तर आले, तर त्यापुढे शून्य लिहा.)

हा शोध लावला देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालचा. म्हणून तर आपण ती संख्या घेतली! पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले आणि १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. ६१७४ ची गंमत त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली आणि १९५५ मध्ये ती न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात छापून आली. कापरेकरांनी पदरमोड करून अनेक पुस्तिकाही छापल्या. पण पुस्तिका जिथे पोहोचेल तिथेच वाचली जाते. नियतकालिकाचे अंक मात्र देशोदेशीच्या ग्रंथालयांत जपले जातात. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले.

देवळाली कोठे आहे हे ठाऊक नसलेला वाचकही केवळ पेन्सिलीने कापरेकरांचे म्हणणे तपासू शकतो. चांगल्या शोधनिबंधाची कसोटी हीच. मात्र प्रयोगाच्या बाबतीत ती जरा कठीण होते, कारण तुमचा दोरा, तुमचे घड्याळ आणि तुमची खोली वाचकापाशी नसते. ते सारे त्याला शब्दांतूनच द्यावे लागते. ते कसे द्यायचे, हे एका उदाहरणाने पाहू.

एक मीटर दोरा

समजा, आमच्या वारज्यातील एका विद्यार्थिनीने साध्या लंबकाने गुरुत्वत्वरण मोजले. लांबी एक मीटर. २० दोलनांना ४०.२ सेकंद लागले, म्हणजे दोलनकाल २.०१ सेकंद. लांबीला ३९.४८ ने (४ गुणिले पायचा वर्ग) गुणून दोलनकालाच्या वर्गाने भागले, की उत्तर येते ९.७७ मीटर प्रतिसेकंद वर्ग. पुस्तकात तर ९.८१ आहे! मग 'वारज्यात गुरुत्वत्वरण कमी' असे शीर्षक द्यावे का?

गंमत अशी, की ते खरोखरच थोडे कमी आहे. पुणे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेअठरा अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. पृथ्वीचे परिवलन, तिचा फुगीर मध्यभाग आणि ही उंची यांमुळे येथे मूल्य ९.७८ च्या आसपास यायला हवे. पण या प्रयोगाने ते सिद्ध झाले का? घड्याळाची कळ दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते. ४० सेकंदांत ०.२ म्हणजे अर्धा टक्का. दोलनकालाचा वर्ग घेतल्यामुळे ती एक टक्का होते, म्हणजे उत्तरात सुमारे ०.१. तेव्हा खरे मूल्य ९.६७ ते ९.८७ यांत कोठेही असू शकते, आणि ९.८१ त्यातच बसते!

आता २० ऐवजी १०० दोलने मोजा. वेळ सुमारे २०१ सेकंद. चूक तीच ०.२ सेकंदाची, पण उत्तरातील अनिश्चितता ०.०२ वर येते. दोऱ्याच्या लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली, तर आणखी ०.०१. आता कोठे ९.७८ आणि ९.८१ यांतील फरकाविषयी बोलता येईल.

बरे, झोक्याचा कोन किती होता? लंबक १० अंशांपर्यंत झुलवला, तर दोलनकाल सुमारे ०.२ टक्के वाढतो आणि उत्तर जवळजवळ ०.०४ ने कमी येते. आपण शोधत असलेल्या फरकाहून हे जास्त आहे! म्हणजे कोनाविषयीचे एक वाक्य गाळले, तर सारा निबंध संशयास्पद ठरतो.

हस्तलिखिताची मांडणी

शाळेच्या प्रयोगवहीतील उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, अनुमान हा क्रम तुम्हांला पाठ आहेच. शोधनिबंध त्याचाच मोठा भाऊ.

शीर्षकात काय, कोठे आणि कशाने मोजले ते सांगा. निष्कर्षाची बढाई नको. त्याखाली गोषवारा : दीडशे-दोनशे शब्दांत प्रश्न, पद्धत, आकडा आणि त्याची अनिश्चितता. तो शीर्षकाखाली असला, तरी लिहावा सर्वांत शेवटी. प्रस्तावनेत हा प्रश्न का घेतला आणि आधी कोणी काय केले, ते सांगा.

कृतीत हात आखडता घेऊ नका. दोरा कशाचा, लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली का, कोन किती, पंखा बंद होता का, हे सारे यावे. खोली महामार्गालगत असेल आणि जड वाहनांमुळे हादरे बसत असतील, तर तेही लिहा. निरीक्षणांच्या तक्त्यात न पटणारे आकडेही ठेवावेत. एखादे गाळलेच, तर ते का, हे स्पष्ट सांगावे. प्रत्येक आलेखाच्या अक्षांवर राशी आणि एकक हवे. चर्चेत पुराव्याला झेपेल एवढेच म्हणा. ज्यांची माहिती किंवा मदत घेतली, त्यांचा नामनिर्देश करा.

पाकिटात घालण्यापूर्वी

आता हस्तलिखित संगणकावरून पाठवतात, पण शिस्त जुनीच आहे. नियतकालिकाच्या 'लेखकांसाठी सूचना' अक्षरशः पाळा. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. ज्यांची नावे लेखक म्हणून घालाल, त्या सर्वांची संमती घ्या. संपादक निबंध बहुधा दोन-तीन तज्ज्ञ परीक्षकांकडे पाठवतात. त्यांचे आक्षेप आले, की रागावू नका. एकेका मुद्द्याला क्रमवार उत्तर द्या. निबंध साभार परत आला, तर सुधारून दुसरीकडे पाठवता येतो.

मात्र एक सावधगिरी हवी. पैसे घेऊन काहीही छापणारी खोटी नियतकालिके आज पुष्कळ आहेत. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये अशी एक तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या सूचनेवरून आलेली १००९ नियतकालिके त्यांनी पाहिली. त्यांपैकी ३४.५ टक्के नियतकालिकांचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावे अशी प्राथमिक माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती. एकंदर ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शुल्क काही चांगली नियतकालिकेही घेतात; म्हणून संपादक कोण आणि परीक्षण खरोखर होते का, ते आधी पाहा.

हे सारे मोठ्यांचे काम, असे वाटते का? २०१० मध्ये इंग्लंडमधील ब्लॅकॉटन गावच्या शाळेतील ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांचा निबंध रॉयल सोसायटीच्या 'बायॉलॉजी लेटर्स'मध्ये छापून आला. केसाळ भुंगे रंग आणि मांडणी यांवरून फुले कशी निवडतात, हा त्यांचा प्रश्न होता. आकृत्या त्यांनी रंगीत पेन्सिलींनी काढल्या होत्या!

शिक्षक मित्रांनी वर्गात एक उपक्रम जरूर करून पाहावा. एका गटाने लंबकाचा प्रयोग करून निबंध लिहावा. दुसऱ्या गटाने केवळ तो वाचून तोच प्रयोग करावा. पहिल्या गटाने जवळ बसावे, पण एक शब्दही बोलू नये. दुसरा गट जेथे अडेल, तेथे समासात खूण करा. त्या सर्व खुणा पुसल्या जातील एवढी दुरुस्ती झाली, की हस्तलिखित पाठवायला तयार झाले असे समजा.